ओम्नीच्या गिअरबॉक्ससाठी ऑइलची निवड : प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

भाच्याच्या मारुती ओम्नीच्या गिअरबॉक्सची तक्रार आजपासून तारीखवार लिहून ठेवायची असे ठरवले आहे, कारण वेगवेगळ्या माणसांनी दिलेले वेगवेगळे सल्ले ऐकून एकदा घाईने ऑइल बदलले की नेमका फरक कशाने पडला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. गाडी रोज पहाटे दूधवाटपासाठी बाहेर पडते आणि सकाळभर कोल्हापुरातल्या राजारामपुरी, टाकाळा, शाहूपुरी अशा भागांत थांबत थांबत फिरते, त्यामुळे पहिला आणि दुसरा गिअर जितका वापरला जातो तितका बाकीचे गिअर वापरले जात नाहीत.

भाच्याला बारकाईने विचारल्यावर लक्षात आले की तो ज्याला एकच तक्रार म्हणतो त्या प्रत्यक्षात दोन आहेत. पहाटे गाडी थंड असताना लिव्हर जड लागते आणि दुसरा गिअर पडायला वेळ लागतो. गाडी चांगली तापली की हा जडपणा जातो. दुसरी तक्रार नेमकी उलट्या वेळेची आहे. गाडी तापलेली असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यात उतरवायला गेले की ‘खर्र’ असा दातांवर दात घासल्याचा आवाज येतो. थंडीतला जडपणा आणि तापल्यावरची खरखर यांचे कारण एकच असेल असे गृहीत धरायचे नाही, हे आजच्या नोंदीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजावे.

गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये ऑइल बदलले होते. त्या पावतीवर केवळ ‘गिअर ऑइल ९०’ असे लिहिलेले आहे. खरखर त्यानंतरच्या काही महिन्यांत हळूहळू वाढली असे भाच्याचे म्हणणे आहे.

११ डिसेंबर, बुधवार

ऑइलला दोष देण्यापूर्वी क्लच तपासला. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कितीही चांगले ऑइल घातले तरी गिअर खरखरतच राहणार. तपासण्याची रीत सोपी आहे: इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, गिअरबॉक्समधले फिरणे थांबावे म्हणून काही सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रोची, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणाऱ्या रिंगची, मदत नसते, त्यामुळे क्लच अडकत असेल तर तो लगेच आवाज करून सांगतो. रिव्हर्स आवाज न करता पडला. क्लच केबलचा ढिलेपणा थोडा जास्त होता, तो नियमाप्रमाणे करून घेतला. लिव्हरच्या खालचे बुश पाहिले. झीज आहे, पण खरखर होण्याइतकी नाही. दोन्ही तक्रारी जशा होत्या तशाच आहेत.

१५ डिसेंबर, रविवार

आज जुने ऑइल काढले. ऑइल पातळ होऊन गाळासकट बाहेर यावे म्हणून आधी गाडी तावडे हॉटेलपर्यंत नेऊन आणली. ड्रेन नटाला हात लावण्यापूर्वी बाजूचा फिलर नट सैल करून पाहिला, आणि हा क्रम कोणीही मोडू नये असे मला मनापासून वाटते. ऑइल काढून टाकल्यावर फिलर नट गंजून बसल्याचे लक्षात आले तर गाडी जागेवरच अडकते.

लिटरभरापेक्षा थोडे जास्त ऑइल स्वच्छ स्टीलच्या घमेल्यात घेतले. रंग काळपट तपकिरी होता, वास उग्र गंधकाचा होता. दुधाळपणा अजिबात नव्हता. हे मुद्दाम पाहिले, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांतल्या पुष्कळ गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या होत्या, आणि गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, एकदा पाणी आत गेले की ऑइल ताकासारखे पांढरट होते.

ड्रेन नटाच्या टोकाला चुंबक आहे. त्याच्यावर काळसर राखी रंगाचा लगदा होता. तो दोन बोटांत चोळला तेव्हा कण हाताला लागले नाहीत; म्हणजे पोलादी दातांची नेहमीची झीज, तुकडा वगैरे काही नाही. मात्र घमेले उन्हात तिरके धरल्यावर तळाशी सोनेरी चमक दिसू लागली. त्या ऑइलमधून एक वेगळे चुंबक पुन्हा पुन्हा फिरवले तरी चमक जिथल्या तिथे राहिली. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी कणी गिअरबॉक्समध्ये यायला मुख्य जागा एकच, ती म्हणजे पितळी सिंक्रो रिंग.

त्यानंतर मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, नट उघडून बोट बुडवून पाहिले. तोच रंग, तोच वास. दोन्ही ठिकाणी एकाच ड्रममधले ऑइल घातले गेले असावे असा माझा तर्क आहे. ओम्नीसारख्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ही चूक सहज घडते, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे दोन वेगळे डबे एकामागोमाग एक भरले जातात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत मात्र दोघांसाठी वेगळे ऑइल सांगितले आहे: गिअरबॉक्सला जीएल-४ आणि डिफरन्शियलला हायपॉइड गिअरसाठीचे जीएल-५. या खुणांचा अर्थ पुढच्या नोंदीत लिहितो.

१७ डिसेंबर, मंगळवार

उद्यमनगरातल्या ज्या फिटरांकडे आमच्या घरच्या गाड्या पूर्वीपासून जातात, त्या अण्णांकडे संध्याकाळी गेलो. अण्णांचे म्हणणे थोडक्यात असे: “नव्वद नंबर म्हंजे नव्वद नंबर, त्यात काय बघायचंय?” अण्णांचा हात आणि कान यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु नव्वद हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. ऑइलमध्ये कोणती रसायने किती आहेत हे त्यावरून कळत नाही. ते सांगणारी खूण म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची, जीएल श्रेणी.

ही श्रेणी शाळेतल्या इयत्तांसारखी चढत जाणारी नाही, हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जीएल-१ म्हणजे दाब सहन करणारी रसायने नसलेले साधे खनिज ऑइल. जीएल-२ आणि जीएल-३ वापरातून गेले. जीएल-६ सुद्धा गेले. आज वाहनांसाठी एपीआय ज्यांना चालू श्रेणी मानते त्या जीएल-४, जीएल-५ आणि एमटी-१ या तीन. यातली एमटी-१ ही सिंक्रो नसलेल्या, बस आणि अवजड ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी आहे. राहिल्या जीएल-४ आणि जीएल-५, आणि त्यांच्यातला फरक दर्जाचा नसून कामाचा आहे.

डिफरन्शियलमधले क्राऊन (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे) हे हायपॉइड दातांचे असतात. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाच्या खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही. अशा ठिकाणी ऑइलचा थर चिरडून बाजूला होतो आणि पोलाद पोलादाला भिडते. ते चिकटू नये म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे जीएल-४ च्या ढोबळमानाने दुप्पट असतात. घर्षणाच्या उष्णतेने ही संयुगे धातूच्या पृष्ठभागाशी अभिक्रिया करून एक निसरडा थर तयार करतात, आणि धातूऐवजी तो थर झिजतो.

हाच थर सिंक्रोच्या मुळावर येतो. अण्णांच्या भंगाराच्या डब्यातून एक जुनी सिंक्रो रिंग मागून घेतली आणि ती समोर ठेवूनच हे लिहीत आहे. बाहेरच्या कडेला टोकदार दात आहेत, आतली बाजू निमुळत्या शंकूची आहे, आणि त्या शंकूवर नख अडकेल असे बारीक आटे कोरलेले आहेत. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या पोलादी शंकूवर दाबली जाते. आट्यांच्या धारा मधला ऑइलचा थर कापून बाजूला काढतात, पितळ पोलादाला घट्ट धरते, आणि त्या धरण्यामुळे गिअर आणि शाफ्ट यांचा वेग क्षणात सारखा होतो. वेग सारखा होईपर्यंत रिंगचे दात स्लीव्हला, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, पुढे जाऊ देत नाहीत, आणि मगच गिअर आवाज न करता पडतो. म्हणजे संपूर्ण गिअरबॉक्समध्ये ही एकच जागा अशी आहे जिथे आपल्याला घर्षण हवे आहे. तिथे जास्त निसरडे ऑइल घातले की रिंग धरायच्या ऐवजी घसरते, वेग जुळायच्या आत स्लीव्ह पुढे रेटली जाते आणि दात दातांवर आपटतात. भाच्याची तापल्यावरची खरखर याच वर्णनात बसते.

दुसरे नुकसान पितळाचे. सक्रिय गंधक पोलादाइतकीच सहजपणे, तापमान वाढले की अधिकच जोमाने, तांबे असलेल्या धातूंशी अभिक्रिया करतो. पितळ मऊ असल्यामुळे वर तयार झालेला थर निघताना थोडे पितळही घेऊन जातो. घमेल्यातली सोनेरी चमक हा त्याचा पुरावाच आहे असे मी म्हणणार नाही, कारण दातांवर आपटून झिजलेली रिंगही तशीच कणी सोडते. पण दोन्ही मार्ग त्याच रिंगकडे जातात.

२१ डिसेंबर, शनिवार

ऑइलचा तांब्यावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी तांब्याच्या पट्टीची एक प्रमाणित चाचणी आहे, एएसटीएम डी-१३०. चकचकीत घासलेली तांब्याची पट्टी ठरावीक तापमानाच्या ऑइलमध्ये ठरावीक वेळ बुडवायची आणि तिचा रंग १ए (जवळजवळ स्वच्छ) पासून ४सी (काळीकुट्ट) पर्यंतच्या रंगतक्त्याशी ताडून पाहायचा. गिअर ऑइलसाठी ती १२१ अंश सेल्सियसला ३ तास करतात. हीट ट्रीटमेंटचे काम करणाऱ्या मित्राकडे तापमान नेमके धरणारी भट्टी आहे, म्हणून तिथे तिची साधी नक्कल केली. मोटर वायंडिंगवाल्याकडून तांब्याची पट्टी आणली, बारीक पॉलिश पेपरने घासली, एक तुकडा जुन्या ऑइलमध्ये आणि दुसरा मित्राकडच्या जीएल-४ लिहिलेल्या ऑइलमध्ये ठेवला. घरच्या गॅसवर हा प्रयोग कोणी करू नये.

जुन्या ऑइलमधली पट्टी जांभळट काळी होऊन निघाली. जीएल-४ मधली गडद नारिंगी झाली, पण तिची चमक कायम होती.

या निकालावर प्रमाणाबाहेर भर देणे योग्य नाही. जीएल-५ च्या मानकात पट्टीचा निकाल ३ पर्यंत चालतो, एमटी-१ मध्ये मात्र २ए च्या पुढे चालत नाही. यावरून जीएल-५ ला पितळाची काळजी करण्याचे बंधन किती सैल आहे ते दिसते. तरीही आज बाजारात अशी कितीतरी जीएल-५ ऑइल आहेत ज्यांतला गंधक तांब्याला सहसा त्रास देत नाही आणि जी या चाचणीत सहज पार होतात. म्हणून ‘जीएल-५ पितळ खाते’ हे वाक्य सरसकट खरे नाही. निसरडेपणाचा प्रश्न मात्र पट्टी स्वच्छ राहिली तरी सुटत नाही, आणि माझ्या मते सिंक्रोच्या गिअरबॉक्ससाठी मुख्य आक्षेप तोच आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

शाहूपुरीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात कॅन हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत फक्त ८०डब्ल्यू-९० असते. जीएल कितवे ते मागे शोधावे लागते. एकाच कंपनीची दोन ऑइल जवळपास सारख्या नावाने शेजारी ठेवलेली असतात. उदाहरणार्थ शेल स्पायरॅक्समध्ये एस२ जी हे जीएल-४ आणि एस२ ए हे जीएल-५ आहे. नावात एका अक्षराचा फरक, काम वेगळे. दुकानदाराने “हे वरच्या ग्रेडचं आहे” म्हणून जीएल-५ पुढे केले, त्याच्या मनात काही वाईट नव्हते. एका कॅनवर जीएल-४ आणि जीएल-५ अशा दोन्ही श्रेणी छापल्या होत्या. जीएल-५ ची पातळी गाठायची तर त्यात तेवढी रसायने असणारच, म्हणून या गाडीसाठी तो कॅन मी बाजूला ठेवला.

श्रेणी ठरल्यावर पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे पहाटेच्या जडपणाकडे, वळलो. तिथे घट्टपणाचा आकडा कामाला येतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०६ मानकानुसार ९० क्रमांकाच्या ऑइलचा घट्टपणा १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान असावा लागतो. इंजिन ऑइलचे क्रमांक वेगळ्या पट्टीवर मोजतात आणि तिथले ४० क्रमांकाचे ऑइल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकचे असते. म्हणजे गिअरचे नव्वद हे इंजिनच्या चाळीसच्या दुपटीहून घट्ट असते ही समजूत चुकीची आहे, दोन्ही जवळजवळ एकाच जाडीची आहेत. डब्ल्यू अक्षराआधीचा आकडा थंडीचा. ८०डब्ल्यू ऑइल उणे २६ अंशांना आणि ७५डब्ल्यू ऑइल उणे ४० अंशांना दीड लाख सेंटीपॉइजच्या (थंडीतला घट्टपणा या दुसऱ्या एककात मोजतात) वर घट्ट होता कामा नये.

कोल्हापुरात उणे तापमानाचा प्रश्नच नाही, मग ७५ घ्या की ८०, काय फरक पडतो, असे अण्णा म्हणाले असते आणि वरवर ते बरोबरही वाटते. म्हणून दोन ऑइलच्या तांत्रिक पत्रकांतले आकडे घेऊन हिशेब केला. खनिज ८०डब्ल्यू-९० ऑइल ४० अंशांना सुमारे १४० आणि १०० अंशांना साडेचौदा सेंटीस्टोक आहे. सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० हे ४० अंशांना सुमारे १०० आणि १०० अंशांना १५. तापलेल्या गाडीत दोन्ही सारखीच. पण तापमान आणि घट्टपणा यांच्या नेहमीच्या सूत्राने १५ अंशांचा, म्हणजे आपल्या डिसेंबरातल्या पहाटेचा, आकडा काढला तर पहिले सातशेच्या आसपास जाते आणि दुसरे साडेतीनशेच्या जरा वर थांबते. जवळजवळ निम्मे. पहाटे त्या घट्ट ऑइलमधून सिंक्रो रिंगला थर कापायला वेळ लागतो, तोच वेळ लिव्हरवर जडपणा म्हणून हाताला जाणवतो.

किंमत जास्त असूनही ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ घेतले. ते माहितीपुस्तिकेने दिलेल्या मर्यादेत बसते, आणि ही अट मी सर्वांत वर ठेवतो. डिफरन्शियलसाठी साधे ९० क्रमांकाचे जीएल-५ घेतले. तिथे सिंक्रो नाही, आणि पहाटेच्या जडपणाशी त्याचा संबंध नाही.

२९ डिसेंबर, रविवार

दोन्ही डबे भरले. गाडी सपाट जागी उभी करून फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर पाझरू लागेपर्यंत भरायचे, हेच माप. जास्त भरले तर ऑइल घुसळून फेसाळते आणि सीलमधून वाट काढते. नटांचे वॉशर नवे घातले. गिअरबॉक्सच्या कोपऱ्यांत जुने ऑइल थोडे राहतेच, म्हणून हे भरण धुण्यापुरते समजून महिनाभराने काढायचे आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

थंडीतला जडपणा लक्षणीय कमी झाला आहे; वाटपाच्या पहिल्याच थांब्यानंतर दुसरा गिअर सहज पडतो, असे भाचा सांगतो. तापल्यावर तिसरा आणि चौथा पूर्वीही ठीक होते, आता अधिक मऊ पडतात. दुसऱ्यात उतरवतानाची खरखर कमी झाली आहे, पण गेलेली नाही.

भाच्याच्या मित्राने स्वतःच्या गाडीसाठीही हेच ऑइल न्यावे का असे विचारले. मी त्याला आधी माहितीपुस्तिका उघडायला सांगितली. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते, पण त्याचे दात साधे तिरपे असतात, हायपॉइड नसतात, म्हणून एकच सौम्य ऑइल दोन्ही कामे करते. सुबारूच्या गिअरबॉक्समध्ये हायपॉइड डिफरन्शियल त्याच ऑइलात बुडलेले असते, तिथे कंपनी स्वतःच जीएल-५ सांगते आणि सिंक्रो त्या हिशेबाने बनवते. होंडा स्वतःचे वेगळे एमटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचे खास ऑइल, सांगते. जुन्या एमजीबी मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये तर इंजिनाचेच ऑइल घालतात. गिअरबॉक्स बनवणाऱ्याने रिंगचा धातू, आट्यांची खोली आणि ऑइल या तिन्ही गोष्टी मिळून ठरवलेल्या असतात. त्यातली एक आपण आपल्या मनाने बदलू शकत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

धुण्यापुरते भरलेले ऑइल काढले. रंग मधासारखा, गंधकाचा वास मंद. चुंबकावर लगदा थोडाच. सोनेरी चमक डिसेंबरपेक्षा बरीच कमी, मात्र उन्हात अजून दिसते. त्याच कंपनीचे, त्याच श्रेणीचे ताजे ऑइल भरले. ऑइल कितपत टिकेल याचा विचार करताना पत्रकात आणखी एक गोष्ट पाहिली: गिअरचे दात ऑइलमधल्या घट्टपणा धरून ठेवणाऱ्या लांब रेणूंना कापत राहतात, म्हणून जे३०६ मानकात २० तासांच्या कातर चाचणीनंतरही ऑइल आपल्या क्रमांकाच्या मर्यादेत राहावे अशी अट आहे.

२ मार्च, रविवार

भरलेली गाडी घेऊन गगनबावड्यापर्यंत गेलो आणि करूळ घाटात थोडे उतरून परत चढलो. घाटाच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसऱ्यात घाईने उतरवले की खरखर आजही येते. क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलला किंचित रेस देऊन उतरवले की अजिबात येत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे: वेग आपण जुळवून दिला की दात सुखरूप बसतात, म्हणजे दात चांगले आहेत आणि दुसऱ्या गिअरची रिंगच झिजून गुळगुळीत झाली आहे. योग्य ऑइलने उरलेल्या रिंगांची झीज थांबेल, पण झिजलेले आटे कोणतेही ऑइल परत आणत नाही, आणि तसा दावा करणारी बाटली मी या गिअरबॉक्समध्ये ओतणार नाही.

ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवली: ‘गिअरबॉक्स जीएल-४, ७५डब्ल्यू-९०. मागचे डिफरन्शियल जीएल-५, ९०.’ पुढच्या वेळी गाडी कोणत्याही गॅरेजमध्ये गेली तरी ती पट्टी मिस्त्रींना दाखवायची, असे भाच्याला सांगितले आहे.

दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग मागवली. पावसाळ्यापूर्वी गिअरबॉक्स उतरवायचा, हे काम अण्णांकडेच द्यायचे. जुनी आणि नवी रिंग आळीपाळीने गिअरच्या शंकूवर हाताने दाबून, रिंगचे दात आणि गिअरचे दात यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून इथे लिहायची आहे; पहिल्या आणि तिसऱ्या गिअरच्या रिंगांचीही तशीच मोजणी करायची, आणि त्या मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत असतील तर त्यांना हात लावायचा नाही.